नकाशावरचे दगड

"दगड ठिव. पर कागदाला हात लावू नगंस. सावलीबी पडू दिऊ नगंस."

पाटील मला म्हणाले. सगळ्या गावासमोर. चावडीच्या ओट्यावर पुण्याहून आलेल्या साहेबांनी भलामोठा नकाशा पसरला होता आणि पवना नदीकडून येणाऱ्या वाऱ्यानं तो उडत होता. माझे सासरे गावचे येसकर. साहेब आला की धावायचं, सांगेल ते उचलायचं, हे आमच्या घराकडं पिढीजात. त्यांचा गुडघा सुजलेला, म्हणून त्या दिवशी मदतीला मी. पहिलटकरीण होते.

उन्हाकडं तोंड केलं, म्हणजे सावली मागं पडेल. हात लांब करून वरूनच एकेक दगड सोडला. एक घरंगळला. माणसं हसली. मीही ओशाळून हसले. ते हसू आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

साहेब गोड बोलत होते. "इथे कारखाने येताहेत. गावोगावची माणसं येतील. नंतर धावपळ नको, म्हणून पुढच्या पन्नास वर्षांचा विचार आत्ताच केलाय." छडीनं दाखवत होते. ही शाळा. हा दवाखाना. इथं कामगारांच्या चाळी. जी माणसं अजून जन्मलीही नव्हती, त्यांच्यासाठी बागसुद्धा होती. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं आवडलं. मनातल्या मनात मी माझ्या पोराला त्या शाळेत बसवूनही टाकलं.

मग पाटलांनी विचारलं, "आन् म्हारवाडा?"

छडी सरकली. चाळी ओलांडून, नाला ओलांडून, सांडपाण्याच्या तळ्यापाशी थांबली. "त्यांची सोय इकडे. वेगळी. गटारांचं काम त्यांना जवळ पडेल."

सासऱ्यांनी हात जोडले. "लई उपकार झालं, मायबाप."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं होतं. शिवी आजच्यापुरती असते. हा माणूस शांतपणे पन्नास वर्षांपुढचं ठरवत होता. माझं पोर म्हातारं होईल, नातवंडं खेळवेल, तरी नाल्यापलीकडंच. जन्मायच्या आधीच त्याच्या हातात घमेलं दिलं होतं.

मी ओट्याची पायरी चढले. या खेपेला ऊन पाठीशी होतं. माझी सावली अख्ख्या शहरावर पडली. वाकले आणि शाळेवर बोट टेकवलं.

"माझं पोर हितं शिकंल. हितंच ऱ्हाईल."

"कागद बाटवला!" कुणीतरी ओरडलं. साहेब वैतागून शिपायाला म्हणाले, "दुसरी प्रत काढावी लागणार." सासऱ्यांनी माझ्यासाठी चावडीच्या पायरीवर नाक घासलं. घरी येताना एवढंच म्हणाले, "आता आपल्याला गावात कोन ठिवंल?"

त्यांच्या नाकावर माती तशीच होती. पुसायला माझा हात पुढं होईना, इतकी लाज वाटत होती.

"मामंजी, उद्यापासनं चावडीची हाक आली तरी आपल्या घरातनं कुनी जायचं न्हाई."

काढा म्हणावं दुसरी प्रत. दहा काढा. प्रत्येकीवर बोट ठेवायला मी येईन. मी नसले तर माझं पोर येईल, आणि ते काही दगड ठेवायला येणार नाही.