बाथरूममधली उदबत्ती

काही घरांत जुन्या साड्या साठतात, काही घरांत आइस्क्रीमचे रिकामे डबे. आमच्या घरात विलासच्या सिगरेटचे किस्से साठतात. मी कल्याणच्या एका शाळेत शिकवते. सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये पर्स खाली ठेवायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय मग, या रविवारी काय?" मी सांगते, बाकीच्या पोट धरून हसतात. त्यांचं काय जातंय!

विलास म्हणजे माझा नवरा. वय बावन्न, हृदयात स्टेंट. "एकही नाही, अगदी एकही नाही," असं डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर बजावलंय. सासरे बिडीपायीच गेले, तेही पन्नाशीत. त्यांच्या तेराव्याला आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विलासचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की आयुष्यात कधी ओढणार नाही. विलास तेव्हा कॉलेजात होता आणि ओढायला लागून वर्ष झालं होतं. पठ्ठ्याने शपथ घेतली!

तेव्हापासून हे लपवणं चालू आहे. "आईला कळलं तर ती जाईल गं," तो म्हणतो.

"आणि तू गेलास तर?" मी विचारते. यावर तो बाथरूमची खिडकी उघडी आहे ना, ते बघायला जातो.

बाहेर ओढायची त्याची हिंमत नाही. कोपऱ्यावरचा पानवाला आईंच्या भजनी मंडळातल्या बाईंचा मुलगा, आणि ठाण्याला ऑफिसखालच्या टपरीवर माझा मावसभाऊ उभा असतो. "डोंबिवलीत माणसाला एकटं राहायला बाथरूमशिवाय जागा नाही," हे विलासचं तत्त्वज्ञान. संध्याकाळी ती कडी वाजली की माझ्या छातीत धस्स होतं, त्याच्या छातीचं काय होत असेल या विचाराने. मग त्या धस्स होण्याचा राग येतो, आणि तो राग गिळून मी रूम फ्रेशनर शोधायला लागते. कारण आईंना कळता कामा नये!

*

सुरुवातीचा उपाय उदबत्ती. आधी उदबत्ती पेटवायची, साबणाच्या डबीत उभी करायची, मग सिगरेट.

आईंनी एकदा विचारलं, "देवाची उदबत्ती मोरीत कशाला रे?"

"डास," विलास म्हणाला.

आईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बघते तर बाथरूमच्या प्लगला डासांचं मशीन लावलेलं आणि देवघरातला उदबत्तीचा पुडा गायब. आईंनी तो स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला होता.

"देवाला पुरत नाही हल्ली," म्हणाल्या.

उदबत्ती गेल्यावर विलासने माझा बॉडी स्प्रे धरला. गुलाबाचा. अर्धी बाटली अंगावर मारून ऑफिसला गेला. तिथे त्याचा मित्र दिनू पाटील, कोलशेतच्या खाडीकाठचा कोळी, जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "विल्या, एरवी काय बोलत नाय मी, पण वहिनींची बाटली वहिनींनाच वापरू दे रे."

हे मला दिनूनेच फोन करून सांगितलं. स्प्रे मी कपाटात ठेवला. आता आमच्या घरात दोन बायकांची दोन कपाटं कुलूपबंद आहेत.

*

सगळ्यात मोठी कटकट वेगळीच. आईंची घाई.

आमचं संडास-बाथरूम पूर्वी वेगळं होतं. आईंचे गुडघे गेल्यावर मधली भिंत पाडून एकत्र केलं, कमोड बसवला. तेवढी एकच सोय घरात. विलासने आत जाऊन कडी लावली, चार झुरके झाले, की दार वाजलंच म्हणून समजा.

"विलास, लवकर बाहेर ये रे. मला जायचंय."

मग आत नुसती पळापळ. फ्लश, नळ, टॉवेलने हवा घालणं. विलास बाहेर येतो तो डोळे लाल, तोंडात बडीशेप. आई आत जातात आणि लगेच बाहेर येतात. "नीट झालीच नाही," म्हणतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"एक धड पुरती ओढायला मिळत नाही या घरात," विलास कुरकुरतो.

"मग सोड ना."

"तसं नाही गं. आईचं काहीतरी बघायला पाहिजे. या वयात हे बरं नव्हे." चिंता कुणाची, तर आईची!

त्यात फ्लश केला तरी सिगरेटचं फिल्टर बुडत नाही, हे विज्ञान मला लग्नानंतर कळलं. ते गोल गोल फिरतं आणि पुन्हा वर येऊन तरंगतं. त्यामुळे दार वाजलं की आईंच्या आधी मी धावते. "थांबा आई, फरशी ओली आहे, पुसून देते." आत जाऊन बादलीने पाणी ओतते, ते थोटूक जाईपर्यंत. एम.ए. बी.एड. होऊन मी हे करते.

एके दिवशी मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, मी यापुढे थोटकं बुडवणार नाही. विलासला पटलं. त्या दिवसापासून तो ती खिडकीतून डक्टमध्ये टाकायला लागला. डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या पोटातली ती उभी पोकळी, जिच्यात सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. मला वाटलं, सुटले.

*

मग दिनू मदतीला आला. त्याने डबाभर सुके बोंबील आणून दिले. विलासने शोध लावला, की तव्यावर दोन बोंबील मंद आचेवर ठेवले की घरात दुसरा कुठलाच वास राहत नाही. ज्या माणसाने कधी चहाचं आधण ठेवलं नाही, तो रोज संध्याकाळी बोंबील भाजायला लागला. आई कौतुकाने खायच्या. आम्ही राजापूरकडचे, आम्हाला बोंबील म्हणजे सण.

पण सवय वाईट. श्रावण आला तरी हात थांबेना.

श्रावणातला शुक्रवार. आईंची जिवतीची पूजा, मुलाबाळांना आयुष्य मिळावं म्हणून करतात ती. वरच्या मजल्यावरच्या नेने काकू सवाष्ण म्हणून जेवायला. पुरणपोळीचं ताट बाहेरच्या खोलीत, मी वाढतेय, आई काकूंना आग्रह करतायत. विलासने रजा घेतली होती, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीही लागतेच. त्याने सवयीने स्वयंपाकघरात तवा ठेवला, दोन बोंबील टाकले आणि बाथरूमची कडी लावली.

नेने काकूंचा घास हातातच राहिला. "शुभा, कसला गं हा वास?"

श्रावणात, जिवतीच्या दिवशी, सवाष्ण जेवायला बसलेली आणि घरात बोंबील! जमीन दुभंगली असती तर मी हातातल्या पातेल्यासकट आत गेले असते.

आई शांतपणे म्हणाल्या, "डक्टमध्ये उंदीर मेला असेल." मग गुडघ्यांवर हात ठेवत उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि येता येता बाथरूमचं दार वाजवलं. "विलास, लवकर बाहेर ये रे. मला जायचंय."

*

नेने काकूंनी उंदराची बातमी काकांना दिली. नेने काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सफाईवाला डक्टमध्ये उतरवला. उंदीर सापडला नाही. वर आली ती थोटकांनी गच्च भरलेली पिशवी.

तातडीची मीटिंग बोलावली. काकांनी पिशवी टेबलावर ठेवली. "बिल्डिंगला आग लागेल एखाद्या दिवशी," म्हणाले. आणि पहिला कोण उठला? आमचा विलास! "हे अजिबात खपवून घेता कामा नये," असं तो इतक्या पोटतिडकीने बोलला, की त्याला शोध समितीवरच घेतलं. मी मागच्या खुर्चीवर पदर तोंडात कोंबून बसले होते. हसू येऊ नये म्हणून नव्हे, काही बोलून बसू नये म्हणून.

संशय सोयीचा होता. पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारी तीन मुलं, ऐरोलीला कामाला जाणारी. एकट्या मुलांनीच ओढली असणार, सगळ्यांनी ठरवून टाकलं. विलासला त्यांना समज द्यायला पाठवलं. मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं, "त्या पोरांच्या माथी मारलंस तर मीच नेने काकांकडे जाईन."

तो पंधरा मिनिटांनी पडलेला चेहरा घेऊन परत आला. मी विचारलं, काय म्हणाली मुलं?

मुलांनी आधी त्याला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग त्यातला एक म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. ओढायची असेल तर आमच्याकडे या. आमच्याकडे आई नसते."

*

या सगळ्यात आईंची घाई वाढतच होती. शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. लघवी, रक्त, साखर, सगळं तपासलं. मग सोनोग्राफी. तिथे पोट भरून पाणी पिऊन बसवतात, दाबून धरायला लावतात. आमच्या आधीच्या बाई उभं राहून येरझाऱ्या घालत होत्या, दुसऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. आई बाकावर जपमाळ ओढत बसल्या होत्या.

"आजी, लागली का?" सिस्टरने विचारलं.

"छे गं. आण अजून एक ग्लास."

मला कौतुक वाटलं. माणूस दवाखान्यात धीराने घेतो, असं काहीसं मनात आलं.

रिपोर्ट दाखवायला विलासही आला होता. सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या-माझ्यापेक्षा ह्यांची तब्येत चांगली आहे. वय आहे, चालायचंच. संध्याकाळचा चहा बंद करून बघा."

संध्याकाळचा चहा म्हणजे आईंचा जीव. आल्याचा, कडक, साखर जास्त. मला वाटलं वाद घालतील. आईंनी विलासकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"बरं," म्हणाल्या. "बंद."

आणि खरोखर बंद केला. मी आणि विलास चहा घ्यायचो, त्या शेजारी बसून वाती वळायच्या. घाई मात्र तसूभर कमी झाली नाही. मी अगदी टेकीला आले. एकाचं व्यसन सुटेना, दुसरीचं दुखणं सापडेना, आणि मधे मी, बादली घेऊन!

*

गेल्या रविवारी दिनूच्या मुलीचा साखरपुडा होता. विलास सकाळीच कोलशेतला गेला. मी आणि आई संध्याकाळी बाहेरच्या खोलीत वाल सोलत बसलो होतो. घरात बऱ्याच दिवसांनी नुसता वालाचा वास होता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की आज आई दुपारपासून जागच्या हललेल्या नाहीत. आता हे काय नवीन!

"आई, बरं वाटतंय ना? लघवीला त्रास नाही ना होत? आज तुम्ही फारशा गेलाच नाहीत."

आईंनी हातातला वाल सोलला, साल बाजूला टाकलं.

"विलास कुठे घरात आहे आज?"

आणि दुसरा वाल उचलला.

त्यांनी वर बघितलं नाही. मग मी उठले, आत गेले, आलं ठेचलं आणि चहा टाकला. कडक, साखर जास्त. कप त्यांच्यासमोर ठेवला.

"डॉक्टरांनी..." त्या म्हणाल्या.

"राहू द्या डॉक्टरांचं."

त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. तेवढ्यात बेल वाजली. विलास आला. शर्टाला पेढ्यांचा, मोगऱ्याचा वास, चेहरा घामाघूम. "काय उकडतंय," म्हणाला, "जरा तोंड धुऊन येतो." आणि बाथरूमची कडी लागली.

आईंनी कप खाली ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठायला लागल्या.

"तुम्ही बसा," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चहा गार होईल."

मी दाराशी जाऊन उभी राहिले. आत लायटर वाजला. थोडं थांबले, आणि जोरात दार ठोठावलं.

"विलास, लवकर बाहेर ये रे. मला जायचंय."