शेजारच्या खाचेत बसलेलं कार्ड

मित्रांनो, फार उशिरा लिहितोय, माफ करा. आठ दिवस घरातलं नेट बंद होतं आणि माझा फोन साधा, बोलण्यापुरता.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी गंमत झाली... म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. कारखान्यात जन्मभर आधी मशीन उघडून पुसली, मग पूजा केली. रिटायर झाल्यावर घेतलेल्या या कोहक्याच्या घरात आता मशीन म्हणून एक कॉम्प्युटरच. त्याचा डबा उघडला, नेटची वायर लागते ते नेटवर्क कार्ड काढून ब्रशने धूळ झटकली, परत बसवलं. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

चालू केला तर नेट गायब. वायर बदलली, राउटर दहादा बंद-चालू केला... कार्डावरचा हिरवा दिवा मात्र पेटलेला.

जीव टांगणीला लागला तो नामदेवसाठी. आम्ही एकाच शिफ्टमधले जोडीदार. घशाच्या ऑपरेशननंतर त्याला बोलता येत नाही. तो नागपूरला मुलाकडे असतो, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना टाइप करतो. शेवटचं त्याने लिहिलं होतं, "तपासणीचा रिपोर्ट उद्या येते." त्याच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "सब ठीक है काका." यातून मला काय कळणार!

काल, रविवारी, सून विद्या रायपूरहून आली. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स तिनेच घालून दिलंय.

"बाबा, कुंकू आत तर नाही ना टाकलं?"

"बाहेरूनच लावलं व माय. मले वाटते देवच कोपला."

"देव कावून कोपतील? रुकिए, देखते हैं।"

तिने काळ्या पडद्यावर ip link टाइप केलं. यादीत कार्डाचं नाव आलं, enp4s0. मग तिने सेटिंगची फाइल उघडली. तिथे लिहिलेलं, enp3s0. ती हसायलाच लागली.

"कार्ड काढलं, ते त्याच खाचेत बसवलं का?"

आठवून पाहिलं... नाही. शेजारच्या खाचेत.

"लिनक्स कार्डाले जागेवरून नाव देते, बाबा. जागा बदलली, नाव बदललं. अन् फाइल जुन्याच नावाले हाका मारून राहिली."

तिने तीनचा चार केला, नेटवर्क पुन्हा चालू केलं... आणि नेट आलं!

मी आठवी शिकलेला माणूस, बघतच राहिलो. कार्ड धडधाकट, दिवा पेटलेला, आणि एका आकड्यापायी आठ दिवस त्याला कोणी ओळखत नव्हतं. सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडलं तेव्हा माझी पत्रंही कितीतरी दिवस जुन्याच दारात पडत होती... मी इथे कोहक्यात बसून लोक विसरले म्हणून कुढत होतो. मी कॉम्प्युटरला हात जोडले. विद्या हसली, हसू दे.

नामदेवचे चार मेसेज येऊन पडले होते. शेवटचा असा, "लिहीत कावून नाही रे? घर बदललं का? तू आला की रिपोर्ट सांगतो."

लगेच लिहिलं, "आलो." त्याला आता एक दिवस झाला... उत्तर नाही.

नामदेव, हे वाचत असशील तर ऐक. मी त्याच घरात आहे, फक्त कार्ड एक खाच सरकलं होतं. रिपोर्ट कसाही असो, एक ओळ लिही... पण लवकर लिही रे.