मिस्त्रींचा डावा हात

आमच्या जुन्या स्कूटरचं मडगार्ड आता मिळत नाही. एका नगासाठी कारखान्यात कुणी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बनवत नाही, म्हणून मी दत्तूमिस्त्रींकडे गेलो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ते लाकडी हातोडीने त्याला गोलाई देतात. उंचसखल मात्र डाव्या तळहाताने चाचपायचे. तो मऊ राहावा म्हणून त्या हाताने त्यांनी कधी जड काम केलं नाही. गेल्या वर्षी अर्धांगवायूने नेमका तोच हात गेला.

त्यांनी पत्रा बायकोपुढे सरकवला. "बघ गं, कुठं उंच लागतंय?"

भांडी घासून खरखरीत झालेला तळहात तिने सावकाश फिरवला. "इथं."

ते तिथे ठोकू लागले. इतकं जपून माणसाच्या हाती काय राहतं, कोण जाणे. डावा हात मांडीवर पडून होता, अजूनही तितकाच मऊ.