दादर ते गिरगाव, तोंडाला कुलूप लावून

"पालकांनी रस्ता सांगायचा नाही. एकदा जरी सांगितलात, तर मुलीला पुन्हा दादरपासून चालावं लागेल." शिबिराच्या सरांचा हा नियम ऐकून माझी बायको इतकी हसली, की हट्टाने मीच जायचं ठरवलं. टॅक्सीवाल्यालासुद्धा वळणं सांगणारा माणूस मी!

आमची जुई सोळाची. दहावीची परीक्षा संपल्यावर तिने शाळेच्या उन्हाळी शिबिरात नाव घातलं. आठ दिवस सह्याद्रीत दोराने कडे उतरून पोरं काळी ठिक्कर होऊन आली. नववा दिवस मात्र मुंबईत. दादर ते गिरगाव चौपाटी, पायी, मोबाईलशिवाय, स्वतः काढलेल्या नकाशावर. वाटेत एका अनोळखी घराचं दार वाजवून पाणी मागायचं आणि तिथल्या माणसाची सही आणायची. पालकाने नुसतं मागून चालायचं.

सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर मे महिन्यात याहून उशीर करू नका, आणि टोपी घ्या. मी विसरलो. परळला मिसळ खाल्ली, दोघांचं दोनशेत भागलं. मी पाकीट काढलं तर जुईने डोळे वटारले; वाटखर्चही तिनेच करायचा होता.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत शिरलो आणि मला शिंकांवर शिंका. मिरच्या कुटायचे दिवस! लहानपणी मी आणि दादा, माझा थोरला भाऊ, डब्याचे दोन कान दोघांनी धरून आईच्या मागे इथे यायचो. आई यंत्रासमोरून हलायची नाही. "आपलीच मिरची आपल्या डब्यात येऊक व्हयी," म्हणायची. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि दादा आपल्या शर्टाच्या बाहीने ते पुसायचा.

आई गेली तेव्हा तिच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तेराव्यालाच आमच्यात शब्दाने शब्द वाढला. अकरा वर्षं झाली त्याला. दादा घोडपदेवच्या जुन्या घरातच राहिला, मी दादरला. अंतर ते किती! पण मी त्या बाजूला फिरकलो नाही.

लालबाग संपलं आणि जुई डावीकडे वळली. अगं, गिरगाव सरळ, भायखळ्यावरून! ओठ चावून गप्प बसलो. चार गल्ल्या गेल्यावर मी थांबलो. समोर आमची घोडपदेवची चाळ.

"जुई, इथे नको."

"रस्ता सांगतोयस का, बाबा?"

तिच्या सकाळपासूनच्या पायपिटीवर पाणी कसं फिरवू? मुकाट जिना चढलो. माझ्या शाळेच्या जुन्या दाखल्यावरून तिने पत्ता उतरवला होता, हे नंतर कळलं.

दादाने दार उघडलं. केस पार पांढरे झालेत त्याचे.

"मी जुई. पाणी मिळेल का?"

दादाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्यामागे माझ्याकडे. मी कसाबसा म्हणालो, "अगं, अनोळखी घर सांगितलं होतं."

"मला अनोळखीच आहे ना, बाबा."

खरं सांगतो, तिथेच उंबऱ्याबाहेर रडलो मी. आतून वहिनी ओरडली, "भावजी, भायर कित्याक उभे? आत येवा!" आधी पाणी, मग चहा, मग घावणे. दादाने न विचारता माझ्या ताटलीत तिसरं घावण टाकलं.

जुईच्या कागदावर 'अनोळखी व्यक्तीची सही' असं छापलं होतं. दादाने चष्मा लावला, 'अनोळखी व्यक्ती' खोडलं, वर 'थोरले काका' लिहिलं आणि मग सही केली.

चौपाटीला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, आम्ही सगळ्यांत शेवटचे. सरांनी कागद बघून मान हलवली. "नात्यातलं घर चालत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा दादरपासून."

मी भांडायला सरसावलो. जुईने माझा हात धरला. "राहू दे, बाबा. मला माहीत होतं."

आता घरी पायांना फोड आलेत, टाळू भाजलीय. ओट्यावर वहिनीने दिलेली मसाल्याची बरणी आहे, आईच्याच प्रमाणाची. झाकण उघडलं की मी पुन्हा दहा वर्षांचा होतो. इतके उन्हाळे फुकट घालवले, याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "रविवारी मी पण येतो रे. मागून गप्प चालायचं ना? अकरा वर्षांची सवय आहे आपल्याला."