हळदीचा वाफा आणि चोवीस चिरे

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मुलीचं लग्न पुढच्या मे महिन्यात ठरलं आणि बायकोने सांगून टाकलं की तिच्या अंगाला लागणारी हळद आपल्या जागेतलीच असेल. आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये राहायचो. जवळच नेरे गावात आमची दोन गुंठे जागा होती. हळद लावायची मेअखेर, काढायची फेब्रुवारीत. म्हणजे संधी एकच.

तिथे डोंगरावरून पाणी जोरात येतं, म्हणून वाफा उंच हवा आणि त्याची कड टिकाऊ हवी. आधीचे दोन प्रयोग फसले होते. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या वाळवीने चौदा महिन्यांत संपवल्या. मग लावलेल्या विटांचे दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. या वेळी जांभ्याचे चिरे घ्यायचं ठरवलं. वाफा दहा बाय चार, घेर अठ्ठावीस फूट, चिरा चौदा इंच लांब. चोवीस चिरे लागले. कोकणातून माल आणणारा टेम्पो पळस्प्याहून आमच्याकडे वळवून घेतला. जमीन हातभर खणली की कातळ लागतो. तिथपर्यंत काँक्रीटचा पाया नेला, त्यावर चिऱ्यांचा एक थर लावला, नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि माती वाहून जाऊ नये म्हणून सगळे सांधे सिमेंटने बंद केले. काम मला फार आवडलं होतं.

जुलैत पाहिलं तर अठ्ठेचाळीस रोपांपैकी एकोणीस पिवळी पडलेली. मातीत बोट घातलं, नुसता चिखल. शेजारी भात करणारे आगरी काका बांधावर उभे होते.

"सायेब, हलद लावली का भात?"

"हळद."

"मंग खाचर कशाला बांधलं? आमी भाताचंबी पाणी फोडतो. तुमी बाटलीला बूच मारलं."

"सांधे फोडले तर माती जाईल, काका."

"माती परत घालाल. हलद कुजली मंग काय घालाल?"

मी काही बोलायच्या आत बायकोने त्यांच्या हातात छिन्नी दिली. उताराकडचे पाच सांधे त्यांनी तळाशी फोडले आणि भोकांत नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, कोंबली, म्हणजे पाणी जाईल, माती अडेल. तांबूस पाणी संध्याकाळपर्यंत वाहत होतं. पिवळी रोपं गेलीच, वर आणखी दोन गेली.

फेब्रुवारीत सत्तावीस रोपांची पावणेपाच किलो ओली हळद निघाली. उकडून, वाळवून, दळून झाली जेमतेम नऊशे ग्रॅम. नातेवाइकांना पुड्या द्यायचा बेत बायकोने सोडला. हळदीच्या दिवशी माझ्या पिशवीत, तिला न सांगता, बाजारचं अर्ध्या किलोचं पाकीट होतं. ते काढावं लागलं नाही.