या शर्टाची मावशी झाली का?

बटणं लावायच्या टेबलावर बसायला लागून तिला बावीस वर्षं झाली होती आणि शर्टाच्या कारखान्यात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिची एक खोड होती. बटण लावून धागा तोडला की ते चिमटीत धरून दोनदा ओढून बघायचं, मगच शर्ट पुढे सरकवायचा. त्यात वेळ जाई. कटिंग मास्तर जिभेचा तिखट. थप्पी अडली की तो तिकडून विचारी, "झाली का त्या शर्टाची मावशी?" पोरी तोंडाला पदर लावून हसत. मावशी खाली मान घालून बटण ओढत राही. घरी बहिणीजवळ मात्र एकदा तिचे डोळे भरून आले होते.

पुढे बटणं निघतात म्हणून एक मोठा माल सगळाच्या सगळा परत आला. मावशीच्या टेबलावरच्या शर्टांचं तेवढं एकही बटण हललं नव्हतं. मास्तराने माफीबिफी काही मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बजावलं, की यापुढे मावशी झाल्याशिवाय एकही शर्ट पेटीत जायचा नाही. शब्द तोच राहिला, त्यातला चिमटा गेला. पोरी काम बदलून इतर कारखान्यांत गेल्या, त्यांच्याबरोबर तो शब्दही गेला. मावशीच्या हे गावीही नव्हतं.

परवा भाचीला नोकरी लागली. तिला शर्ट घ्यायला दोघी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने शर्ट पुढे टाकला आणि म्हणाला, "डोळे झाकून न्या. याची मावशी झालीये."

मावशी गारच पडली. म्हणजे काय, असं तिने विचारल्यावर तो समजावून सांगू लागला, की धंद्यातला फार जुना शब्द आहे, त्याच्या वडिलांच्याही आधीचा. "आईला आपलं लेकरू आहे तसंच गोड वाटतं. कान ओढून बघते ती मावशी."

भाची तोंड उघडणार तोच मावशीने तिचा हात दाबला.

बाहेर आल्या आल्या भाची कुरकुरली, "सांगायचं ना त्याला, हा शब्द तुझ्यावरून आलाय म्हणून."

"कशाला? मास्तराने चिडवायला काढला, पोरींनी गावभर केला. आणि अर्थ बघ किती झकास लावलाय त्याने. मला सुचला असता का?"

बोलता बोलता तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. मग भाचीलाही. दोघी तिथेच पायरीवर बसून पोट धरधरून हसत राहिल्या आणि येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली.