न्हावऱ्याच्या थांब्यावरची हाक

अंगारकी चतुर्थीच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी न्हावऱ्याच्या एसटी थांब्यावर मी कोसळले. माझे पती शेजारी बसले होते. त्यांची वाचा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ते रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होते. पहिल्या पाळीत मशीनपाशी उभे असताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द अडखळले. जवळच्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढायची सोय नव्हती. पुण्याला न्यायला सांगितलं. गाडी मिळून, वाघोलीची गर्दी ओलांडून फोटो निघेपर्यंत साडेपाच तास गेले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं. पुढे पाय सावरला, काठी घेऊन ते चालू लागले. आपण बोललेलं त्यांना सगळं समजतं. त्यांच्या तोंडून मात्र फक्त 'त, त' एवढंच येई.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ते मला एका नावाने हाक मारायचे. ते नाव कुठल्याही कार्डावर नाही, माझ्या माहेरी कुणाला माहीत नाही. सासूबाईंना माहीत होतं, त्या वारल्या. इथेही ते लिहीत नाही. कामावरून आले की गाडी लावता लावता हाक यायची आणि मी पहिल्या हाकेला मुद्दाम ओ द्यायची नाही, दुसरी यावी म्हणून. त्या आठ महिन्यांत गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवायची. गाडी शेजाऱ्यांची असायची.

मी रांजणगावच्या गणपतीला नवस बोलले होते. ते बोलेपर्यंत दर संकष्टीला चंद्र उगवेस्तोवर फराळ नाही, पाणीही नाही. देव ऐकतो याची मला खात्री नव्हती. खात्री नसल्यामुळेच बहुधा नवस इतका कडक केला.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम महिन्यातून दोन मंगळवारी केडगावला येतात. आमच्या जवळपास दुसरं कुणी नाही. तळेगाव ढमढेऱ्याहून जीपने न्हावरा आणि तिथून एसटी, असा आमचा प्रवास असे. मला स्वतःला साखरेचा आजार आहे. आधीच्या उपासांना मी गोळी टाळायची; एक दिवसही चुकवायची नाही, असं गावातल्या आशाताईंनी नुकतंच बजावलं होतं. त्या अंगारकीला मी दोन्ही पाळलं. नवस म्हणून जेवले नाही आणि आशाताईंनी सांगितलं म्हणून गोळी घेतली, देवाच्या तीर्थाच्या एका घोटाबरोबर. उपाशीपोटी ती गोळी घातक ठरू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

थांब्यावर हात कापू लागले, घाम फुटला. त्यानंतरचं मला आठवत नाही. शुद्धीवर येताना पहिली ऐकली ती माझ्या नावाची हाक. तेच नाव. पण आवाज बाईचा होता, अनोळखी.

"उठा! डोळं उघडा!" तिने पुन्हा त्याच नावाने हाक मारली आणि चहावाल्याकडे ओरडली, "आरं बघत काय बसलाय, साखर आण मूठभर!"

मी पुटपुटले, "उपास हाय."

"आसू द्या. देवाला मोदक हायेत, त्याचं काय अडत न्हाई. तुम्ही साखर गिळा." तिने माझ्या गालात चिमूट चिमूट साखर भरली. तिच्या आईलाही हाच आजार होता, त्यामुळे बघताच तिने ओळखलं.

सावरल्यावर मी तिला विचारलं, माझं नाव तिला कुणी सांगितलं.

"तुमच्या मालकांनी! मी रस्त्याच्या पल्याड पाठ करून वांगी निवडत व्हते. हाक आली म्हणून तर वळले. न्हाईतर मला काय ठावं?"

"त्यांना बोलता येत नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते रडत होते, डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरून. "आता न्हाई येत आसंल," ती म्हणाली. "मगाशी आलं."

मी विचारलं, "कशी मारली हाक?"

"जोरात. रागानं. उसात घुसलेली म्हस वळवत्यात ना, तशी."

तशीच मारायचे ते.

तिने आम्हाला केडगावच्या जीपमध्ये बसवून दिलं. मी म्हटलं, गणपतीनेच तुम्हाला धाडलं. ती हसली. "आमच्यात उपास न्हाईत, नवस न्हाईत. मी वांग्यासाठी आलते." जीपवाल्याला जय भीम घालून ती गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. अशा आजारात एखादा शब्द अचानक येतो, पुन्हा येईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला मी चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू मावशी, ट्रकचा हॉर्न चालू हुता. मला बाईचाच आवाज आला." तीन मंगळवार मी थांब्यावर त्या बाईची वाट पाहिली. ती दिसली नाही. त्यांच्या आवाजातलं माझं नाव शेवटचं ज्या कानांनी ऐकलं, ते कान कुणाचे, मला माहीत नाही.

यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. एका दुपारी मी ओसरीवर डोळे मिटून पडले, कोसळल्यासारखी. ते हाक मारतील म्हणून. काठी आपटल्याचा आवाज आला. ते खाली बसले, डाव्या हाताने मला हलवू लागले. घशातून नुसता श्वास येत होता. मी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या शर्टाची पुढची बाजू अश्रूंनी भिजली होती. मी त्यांची परीक्षा घेतली होती, आणि देवाचीही.

दुसऱ्या दिवशी रांजणगावला गेले. नवस परत घेतला. देवापुढे एवढंच म्हटलं की हाक आली होती आणि ती जिथे पोहोचायला हवी होती तिथे पोहोचली. ती माझ्या कानांवर यावी हा हट्ट मी सोडते. हट्ट सुटला असं अजून म्हणवत नाही. गाडी वाजली की हात थांबतो. पण ज्याने ती हाक रस्त्यापलीकडे नेली, त्याचे आणि वांगी टाकून धावत आलेल्या त्या बाईचे आभार मी रोज मानते.

मॅडमच्या वहीत त्या मंगळवारची नोंद आहे: एक शब्द, प्रत्यक्ष ऐकलेला नाही. त्यानंतर नवी नोंद झालेली नाही.

परवा संकष्टी होती. गोळीची वेळ झाली तशी मी ताट वाढून घेतलं आणि तशीच बसून राहिले. त्यांनी डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं. मी जेवले.